छत्तीस कवचांची स्टोअरवाली

बसडेपोच्या स्टोअरला एक खिडकी होती. दोन फूट रुंद, दीड फूट उंच, पुढे लोखंडी जाळी आणि जाळीखाली हात जाईल एवढी फट. त्या फटीच्या आतल्या बाजूला मावशीने एकतीस वर्षं काढली. डेपोतल्या लोकांनी तिचा चेहरा जाळीच्या चौकोनांतूनच पाहिलेला. एकदा ती बाजारात दिसली तर हेडमेकॅनिक तिला ओळखेचना. ओळख पटल्यावर म्हणाला, "अहो बाई, तुम्हाला पाय पण आहेत की!"

त्या खिडकीचा कायदा एकच. जुना द्या, नवा न्या. ब्रेकचा पट्टा हवा? झिजलेला दाखवा. आरसा हवा? फुटलेला आणा, काचांसकट. एकदा खुद्द डेपो मॅनेजर आला आणि नवा आरसा मागू लागला.

"जुना कुठाय?" मावशीने आतून विचारलं.

"अहो, मी मॅनेजर आहे."

"तुम्ही नवे आहात ते दिसतंय. आरसा जुना कुठाय?"

मॅनेजरसाहेब कचऱ्याच्या ढिगातून चौकट शोधून घेऊन आले, बाहीला ग्रीस लावून. मावशीने चौकट उलटीपालटी करून पाहिली, नोंद केली आणि फटीतून नवा आरसा सरकवला. "सही करा," म्हणाली.

आत रॅकवर रॅक, फळीवर फळी. बोल्टांशेजारी बोल्ट, बेअरिंगांशेजारी बेअरिंग. एका जातीचा माल एका फळीवर, हा तिचा दुसरा कायदा. दिवे गेले तरी ती अंधारात हात घालून नेमका वॉशर काढायची.

निवृत्त झाल्यावर डेपोने तिला एक घड्याळ दिलं आणि ती भाचीच्या घरी राहायला आली. भाची एकटी, घर दुसऱ्या मजल्यावर, बाहेरच्या खोलीत सहा माणसांचं टेबल. भाची आठवडाभर एका ऑफिसात बसून फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची. रविवारी दुपारी दोन ते सहा मात्र ती 'मास्तरीण' असायची.

मास्तरीण म्हणजे खेळ चालवणारी. या खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. आपलं माणूस काय करतं ते ज्याचं त्याने सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंच्या फाशाने. वीस पडले तर कमाल, एक पडला तर घात. भाचीच्या टेबलाचे नियम कडक. फासा सगळ्यांसमोर टाकायचा. गोष्टीतलं माणूस मेलं की त्याचं पान फाडायचं, आणि फाडलेलं पान पुन्हा जोडायचं नाही.

तिची गोष्ट एका दूरच्या ग्रहावरची. हवा विषारी, वाळू लाल, आणि त्या वाळूत लढणारं पायदळ कवचातलं. कवच म्हणजे दोनशे किलोचा लोखंडी अंगरखा. आत माणूस, पाठीवर बॅटरी. बॅटरी आहे तोवर कवच पळतं, उडी मारतं, भिंत फोडतं आणि आतल्याला श्वास देतं. बॅटरी संपली की उभ्या उभ्या शवपेटी.

खेळायला तिघं यायचे. दातवाला, जो एका लॅबमध्ये दिवसभर कवळ्या बनवायचा आणि इथे तोफा चालवायचा. शिट्टी, शाळेतली खेळाची बाई, जिच्या गळ्यातली शिट्टी रविवारीही उतरायची नाही. आणि वकील, नुकताच सनद मिळालेला, जो कोर्टात तोंड उघडायला घाबरायचा आणि टेबलावर मिटायला.

पहिल्या रविवारी मावशी कोपऱ्यात मटार सोलत बसली होती. शिट्टीने चौथ्या दिवशीचा चौथा हल्ला पुकारला. "माझे वीस कवचधारी टेकडीवर धाव घेतात!"

"यांना बॅटऱ्या कोण देतं गं?" कोपऱ्यातून आवाज आला.

शिट्टीने मागे वळून पाहिलं.

"म्हणजे?" शिट्टी म्हणाली.

"म्हणजे चार दिवस झाले हे बिचारे पळतायत. बॅटरी सहा तासांची, मघाशी हिनेच सांगितलं."

"मावशी, ते गृहीत धरायचं असतं," वकील समजावणीच्या सुरात म्हणाला.

"कोणी धरायचं?"

वकिलाने तोंड उघडलं, मग मिटलं. टेबलावर असं पहिल्यांदाच झालं. भाचीच्या एका वहीत बॅटरीचे, सांध्यांचे, दुरुस्तीचे चांगले चाळीस पानांचे नियम होते. तिनेच दोन वर्षांपूर्वी हौसेने लिहिलेले. एकाही खेळाडूने ते कधी उघडले नव्हते. तिने मावशीसमोर ती वही ठेवली. मावशीने मटार बाजूला सारले, चष्मा लावला आणि संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही.

पुढच्या रविवारी ती टेबलाशी बसली. तिच्यासमोर हाताने रेघा मारलेलं रजिस्टर होतं.

"किती माणसं आहेत तुमची?"

"छत्तीस. माझी वीस, दातवाल्याची दहा, वकिलाची सहा," शिट्टी म्हणाली.

"असं का?"

"मला जास्त आवडतात म्हणून."

"आवडीने वाटप करायला हा काय खाऊ आहे? बारा-बारा-बारा. दहा लढणारे, एक सामान वाहणारा, एक फिटर."

"फिटर कशाला? एक बंदूक कमी होते!" दातवाल्याने हरकत घेतली.

"बॅटरी कुठे असते?"

"पाठीवर."

"तुझी पाठ तुला दिसते का रे?"

दातवाल्याने खरोखर मान वळवून पाहिली.

"ज्याला आपली पाठ दिसत नाही, त्याच्या पाठीशी कोणीतरी लागतं," मावशी म्हणाली आणि रजिस्टरमध्ये 'फिटर, तीन' असं लिहून मोकळी झाली. मग शिट्टीकडे वळली. "आणि तू गं, नेम धरायला गुडघ्यावर बसून दाखव."

शिट्टी फरशीवर बसली. उजवा गुडघा जमिनीवर, डावा वर.

"छत्तीस जण असेच बसतात?"

"उजव्या हाताचे सगळे असेच."

"मग जोडीने गुडघे काय मागवताय? एका डाव्यामागे तीन उजवे लागणार. दोनशे किलो दर वेळी त्याच गुडघ्यावर आदळतायत. माझाच बघा, फळीवर चढताना रोज तोच पाय टेकला." तिने स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर थाप मारली.

भाची बघतच राहिली. तो ग्रह तिने रचला होता. त्याची दोन सूर्यांची पहाट तिने रंगवली होती. पण त्या ग्रहावर माणसाचा कोणता गुडघा आधी झिजतो, हे तिला या बाईने सांगावं!

अकरा महिन्यांत पायदळ ओळखू येईना. पूर्वी दर दोन रविवारी एखादं पान फाटायचं. मावशी आल्यापासून एकही फाटलं नव्हतं. छत्तीस जणांची छत्तीस कार्डं तिने केली आणि प्रत्येकाला नाव ठेवलं. लंगड्या, बडबड्या, थोरली, धाकटी, झोपाळू. बॅटरी बदलायची कवायत तिने शिट्टीकडून घड्याळ लावून बसवून घेतली. पाठीवरचं झाकण, जुनी बाहेर, नवी आत, चाळीस सेकंद. कवचात कोंडलेली हवा एक मिनिट पुरते.

आणि खिडकीचा कायदा इथेही. जुनी दिल्याशिवाय नवी नाही.

"पण मावशी, रिकामी बॅटरी रणांगणातून परत आणायची?" वकील कळवळला. "चार्जर तर तळावरच आहे! तोवर हा कचरा वाहत हिंडायचं?"

"कचरा तू ठरवायचा नाहीस. आधी इकडे दे."

"कोणत्या कलमाखाली?"

"खिडकीखाली." मावशीने हात पुढे केला. वकिलाने मुकाट्याने हवेतली बॅटरी तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती रजिस्टरला लावली.

मग तो रविवार आला.

तीन दिवसांची मोहीम संपवून पायदळ तळाकडे परतत होतं. तळ दहा तासांच्या चालीवर. तीन सामानगाड्या, माणसाच्या चालीने चालणाऱ्या, चालकाच्या केबिनला स्वतःची हवा. तिसरीच्या चालकाशेजारी मावशी स्वतः. दरीवर एक जुना पूल होता. पहिली गाडी गेली. दुसरीसाठी दातवाल्याने फासा टाकला. फासा टेबलभर फिरला, मावशीच्या चष्म्याच्या डबीला थडकला आणि थांबला.

एक.

भाचीने डोळे मिटून घेतले. मग ती मास्तरणीच्या आवाजात म्हणाली, "पुलाचा मधला खांब वाकतो. दोन नंबरची गाडी आधी थोडीशी कलते. चालक उडी मारून वाचतो. मग ती जाते. खाली आपटल्याचा आवाज यायला बराच वेळ लागतो."

बाकीचे, तिसऱ्या गाडीसकट, दरीतून उतरून, चढून पलीकडे आले; खाली पडलेली गाडी जळून कोळसा झाली होती. शिट्टीने विचारलं, "दोन नंबरमध्ये काय होतं?"

मावशीचं बोट रजिस्टरच्या ओळीवर होतं. ते हललं नाही.

"बॅटऱ्या."

"किती?"

"भरलेल्या सगळ्या."

"सगळ्या एकाच गाडीत?"

"एका जातीचा माल एका फळीवर," मावशी म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "एकतीस वर्षं..." ती थांबली. "फळी जागची हलत नाही गं. गाडी चालते. हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

पाठीवरच्या बॅटऱ्यांत प्रत्येकी चार तास उरले होते. रस्ता दहा तासांचा. मधल्या डोंगरांमुळे तळाशी बोलणंही होत नव्हतं. वकिलाने हिशोब करायला पेन उचललं आणि खाली ठेवलं. हिशोब शाळकरी पोरालाही जमला असता. छत्तीसच्या छत्तीस पानं.

मावशी उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुटल्याचा आवाज आला. भाची मागोमाग गेली. मावशी धुतलेलाच पेला पुन्हा धूत होती.

"मावशी, खेळ आहे."

"खेळ असता तर मी उठले असते का?" पेला पालथा घालत ती म्हणाली. "डेपोत माझ्या हातून एक बस कधी अडली नाही. लोक म्हणायचे, त्यात काय, खिडकीतून सामान तर द्यायचं. मलाही तेच वाटायचं. इथे येऊन पहिल्यांदा कळलं की आपल्याला काहीतरी येतं. आणि आता लंगड्या, धाकटी, सगळे माझ्या नीटनेटकेपणापायी गुदमरणार."

भाचीच्या जिभेवर आलं होतं, की मास्तरीण मीच आहे, एखादी गाडी तळावरून धाडून देते. तिने ते गिळलं. ती दया मावशीला कळली असती, आणि मग ती पुन्हा कधी टेबलाशी बसली नसती.

मावशीने नळ बंद केला. तशीच उभी राहिली. मग ओल्या हातांनी मागे वळली.

"चालताना बॅटरी तासाला तास खाते. नुसता बसलेला असेल तर?"

भाचीने धावत जाऊन वही आणली. पान तेहतीस, दोन वर्षांपूर्वीची शाई. "दहावा हिस्सा. तासाला सहा मिनिटं."

"गाडीत माणसं किती मावतील?"

"बारा. पण गाड्या मालाने भरल्यात."

मावशी बाहेर आली, खुर्चीत बसली, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "तिन्ही तुकड्यांनो, कान इकडे करा. दोन गाड्या, चोवीस जण बसतील. बारा चालतील. पाळी तीन तास वीस मिनिटांची. म्हणजे प्रत्येकाचं चालणं तीन तास वीस, आणि बसणं सहा तास चाळीस, त्याचा दहावा हिस्सा चाळीस मिनिटं. मिळून किती?"

वकिलाचे ओठ हलले. "चार तास. बरोबर चार."

"वर?"

"वर एक श्वास नाही."

"माल उतरवा," मावशी म्हणाली.

तिघं तिच्याकडे बघत राहिले. सही घेतल्याशिवाय वॉशर न देणारी ही बाई.

तिने पेन उचललं आणि रजिस्टर वाचू लागली, संथपणे, प्रत्येक ओळीवर रेघ मारत. "गुडघे, उजवे, एकवीस. टाका. गुडघे, डावे, सात. टाका. खांद्याचे सांधे, सोळा. टाका. हातमोजे, नवे, न उघडलेले, चाळीस जोड..." इथे तिचा हात जरासा अडला. "टाका."

दातवाला आपल्या नकळत उभा राहिला होता. अकरा महिन्यांची साठवण लाल वाळूत पडत होती आणि खोलीत पेनाच्या खरखरीशिवाय आवाज नव्हता. भाचीने पुष्कळ नाटकं पाहिली होती. राजांनी मुकुट उतरवताना पाहिले होते. अंगावर असा काटा कधी आला नव्हता.

"आणि त्या खपलेल्या बॅटऱ्या?" वकिलाने हळूच विचारलं. "पेटी चालकाच्या केबिनमध्ये आहे ना?"

"माझ्या पायाशी. कोणाची जागा खात नाही. राहू दे."

पायदळ निघालं. दर दोन तासांनी हवामानाचा फासा टाकायचा, हा भाचीचाच नियम. दुसऱ्या तासाला चौदा. आकाश निवळ. चौथ्या तासाला अकरा. पहिली तुकडी गाडीत चढली, दुसरी उतरली. सहाव्याला नऊ. कोणी चहाला हात लावला नव्हता. त्यावर साय धरली होती.

आठव्या तासाचा फासा हातात घेतल्यावर भाचीच्या मनात आलं, वहीच्या आड टाकावा. कोण बघतंय?

"उघड्यावर टाक," मावशी म्हणाली. रजिस्टरवरून नजरही न उचलता.

फासा पडला. दोन.

भाचीने आकडा मोठ्याने वाचला. "वारा सुटतो. वाळू चाकांत भरते. चाल मंदावते. दहाचा रस्ता अकरा तासांचा होतो."

शिट्टीने तोंडावर हात ठेवला. वकील पुटपुटला, "चालणारे बारा, एकेक तास. बसलेले चोवीस, सहा-सहा मिनिटं. आठशे चौसष्ट मिनिटं कमी पडतात. मावशी, संपलं."

"तुम्ही बॅटरी कधी बदलता?" मावशीने विचारलं.

"लाल दिवा लागला की."

"लाल दिवा लागतो तेव्हा आत किती उरलेली असते? पोरी, पान किती?"

भाचीला पान उघडावं लागलं नाही. "दहा मिनिटं," ती म्हणाली. "काही जण आधीच घाबरून बदलतात. काही आळशी, उशीर करतात."

"झोपाळू नेहमी उशीर करतो, त्याची तीनच मिनिटं असतात. धाकटी भित्री, तिची पंधरा." मावशीने रजिस्टरची शेवटची पानं उलगडली. "तळ सोडल्यापासून परत आलेल्या चौऱ्याण्णव. प्रत्येकीवर खडूने लिहून ठेवलंय, किती उरली ते. माणूस रिकामं म्हणून परत करतो ते कधी पुरतं रिकामं नसतं. डेपोतही नसायचं. बेरीज कर रे वकिला."

वकिलाने केली. पुन्हा केली. तिसऱ्यांदा दातवाल्याने केली.

"नऊशे अकरा," दातवाला म्हणाला. "मावशी... सत्तेचाळीस मिनिटं उरतात!"

"उरत नाहीत. बदलताना सांडतात. चला, फिटर कुठायत?"

मग तो अकरावा तास त्यांनी मिनिटामिनिटाने खेळला. मावशी कार्डं वाचायची, "लंगड्या, अकरा मिनिटं, घे," आणि शिट्टी घड्याळावर डोळे रोवून चाळीस सेकंद मोजायची. झाकण, जुनी बाहेर, नवी आत. वाळूत बारा जण चालतायत, पाठीमागे फिटर धडपडतायत, आणि गाडीतले चोवीस जण डोळे मिटून, बोटही न हलवता बसलेत. बडबड्यासुद्धा. शेवटच्या दहा मिनिटांत मावशीचा स्वतःचा श्वास ऐकू येत होता. आणि रिकामी झालेली प्रत्येक बॅटरी ती परत मागून घेत होती. "इकडे. पेटीत. मोजून."

"तळाचं दार," भाची म्हणाली. "दिसतंय. उघडतंय. पहिली गाडी आत. दुसरी आत. चालणारे... नऊ, दहा, अकरा..."

"धाकटी कुठाय?" मावशी ओरडली.

"बारा."

शिट्टीने शिट्टी फुंकली. खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काहीतरी आपटलं. दातवाला डोळे पुसत हसत होता आणि वकील, कोर्टात तोंड न उघडणारा, खुर्चीवर चढून भाषण करत होता, "छत्तीसच्या छत्तीस! थेंबे थेंबे..."

मावशी हसली नाही. कार्डं गोळा करून तिने टेबलावर सारखी केली. एकही पान फाटलेलं नव्हतं.

"आता यांना भरलेल्या बॅटऱ्या लागतील," ती म्हणाली. "तळाचं स्टोअर कुठाय?"

भाचीला तळाचं स्टोअर कधी रचावंच लागलं नव्हतं. तिने क्षणभर मावशीकडे पाहिलं. मग खुर्ची मागे ढकलून उठली, टेबलाच्या पलीकडे गेली, आणि हाताने हवेत एक चौकट आखली. दोन फूट रुंद, दीड फूट उंच. मान जराशी वाकवून त्या चौकटीतून तिने बाहेर बघितलं.

एकतीस वर्षांत मावशी पहिल्यांदाच खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभी होती. गुडघा धरून, केस विस्कटलेले, जणू खरोखर अकरा तास वाळूत बसून आली होती.

"छत्तीस बॅटऱ्या द्या," ती म्हणाली.

"जुन्या कुठायत?" भाचीने विचारलं.

मावशीचा चेहरा हळूहळू उजळला. तिने दोन्ही हातांनी एक जड, न दिसणारी पेटी उचलली आणि त्या फटीसमोर ठेवली.

"चौऱ्याण्णव आहेत. मोजून घ्या. आता पुरत्या रिकाम्या."

भाचीने एक एक करत मोजल्या. चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव. मग रजिस्टर फिरवून तिच्यासमोर सरकवलं आणि पेन दिलं.

"सही करा," ती म्हणाली.